मी खांद्यावर हात ठेवला होता

माझं मंगळसूत्र ओढून नेल्याच्या खटल्यात २०२४ च्या फेब्रुवारीत दोन्ही आरोपी निर्दोष सुटले. तेव्हापासून घरी येणारा जो तो दोनच गोष्टी विचारतो. कुणीतरी पैसे चारले असतील का? आणि तू कच खाल्लीस का? दोन्हींचं उत्तर नाही. निकालपत्राची नक्कल काढून मी ती ओळ न ओळ वाचली आहे. माझ्यावर तो प्रसंग आला, दागिना गेला, मानेला इजा झाली, हे सगळं न्यायालयाने खरं धरलं आहे. ते करणारे हेच दोघे होते, हे मात्र सिद्ध झालं नाही. आणि हे का सिद्ध झालं नाही ते मी फार जवळून पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जानेवारी २०१९. आम्ही नाशिकला राहतो. संध्याकाळी सात-साडेसातला मी भाजी घेऊन पायी घरी येत होते. एक मोटारसायकल पुढे गेली, वळून परत आली आणि माझ्याशेजारी थांबली. चालवणाऱ्याने हेल्मेट घातलेलं होतं. मागे बसलेल्याने एका अपार्टमेंटचं नाव घेऊन विचारलं, "काकू, हे कुठं आलं?" मी पिशवी या हातातून त्या हातात घेत त्याला सांगू लागले, तेवढ्यात त्याचा हात गळ्याशी आला. हिसका इतका जोराचा होता की मी गुडघ्यावर पडले. मंगळसूत्र दोन पदरी होतं. काळे मणी रस्त्यावर उडाले, दोनपैकी एक वाटी पदराच्या निऱ्यांत अडकून माझ्याकडे राहिली, बाकी सगळं त्याच्या मुठीत गेलं. आईच्या जुन्या पाटल्या मोडून त्यात भर घालून केलेला तो दागिना होता. मानेवरचा ओरखडा महिनाभर गेला नाही.

मागे बसलेल्याचा चेहरा उघडा होता. रस्त्याच्या दिव्याखाली मी तो पाहिला, किती वेळ म्हणाल तर पत्ता विचारून होईपर्यंत. उभट चेहरा, गालांवर पुटकुळ्यांचे खड्डे, डोक्यावर टोपी. हे सगळं मी त्याच रात्री पोलिस ठाण्यात सांगितलं. फिर्याद लिहिणाऱ्यांनी घेतलं ते असं: "दोन अनोळखी इसम, वय अंदाजे २० ते २५ वर्षे, मध्यम बांधा." चेहऱ्याचं सविस्तर वर्णन पुरवणी जबाबात घेऊ, असं मला सांगण्यात आलं. तो पुरवणी जबाब झाला तो आरोपी पकडल्यानंतर. या एका गोष्टीची किंमत किती असते हे मला चार वर्षांनी कळलं. अनोळखी माणसाला आधी वर्णन करून मग ओळखलं, तर त्या ओळखण्याला आधार असतो. माणूस हाती आल्यावर वर्णन लिहिलं गेलं, तर ते वर्णन आठवणीतून आलं की त्या माणसाकडे पाहून, हे कोणी सांगू शकत नाही.

दीड-एक महिन्याने ठाण्यातून फोन आला. "पोरं सापडली, काकू, येऊन जा." मी आणि हे, आम्ही दोघे गेलो. तिथे एका कर्मचाऱ्याने आपला मोबाईल माझ्यासमोर धरला. भिंतीला टेकून उभे असलेले दोन तरुण. "हेच ना?" मी त्यातल्या एकावर बोट ठेवून म्हटलं, हा तसा वाटतोय. ते खूश झाले. मलाही हायसं वाटलं, इतक्या दिवसांनी काहीतरी हाती लागलं म्हणून. त्यांनी सांगितलं, आता तुरुंगात ओळख परेड होईल, म्हणजे इतर माणसांच्या रांगेतून आरोपी ओळखायचा, तिथे एवढंच सांगायचं.

ती परेड व्हायला आणखी बरेच आठवडे गेले. का गेले, याचं कारण कागदोपत्री कुठेच नाही.

नाशिकरोड कारागृहात मी त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. फाटकाशी मोबाईल, पर्स सगळं ठेवून घेतलं. मला आणि आमच्या गल्लीतल्या एका इमारतीच्या वॉचमनला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. परेड घेणारे नायब तहसीलदार होते, सोबत दोन पंच. पोलिस परेडच्या जागी नव्हते, आणि ते नसायलाच हवेत. पोलिसांपुढे दिलेला जबाब पुरावा म्हणून चालत नाही, म्हणून तर हे काम कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदारासारख्या अधिकाऱ्याकडे, दिलेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये याचे नियम आहेत: एका आरोपीसाठी रांगेत निदान सहा जण असावेत, दोन आरोपी असतील तर दहा-बारा, आणि एका परेडमध्ये दोनाहून जास्त आरोपी कधीच नकोत. बाकीची माणसं वयाने, बांध्याने, रूपाने आरोपीसारखी असावीत. हे सगळं मला नंतर माझ्या मावसभावाने समजावलं. तो वकील आहे, दिवाणी बाजूचा.

माझी पाळी आली. लांबट खोली, भिंतीला लागून एका ओळीत उभे पुरुष. कोणी समोर बघतंय, कोणी पायाकडे. तहसीलदारसाहेब शांतपणे म्हणाले, "बाई, घाई नाही. ओळखलंत तर त्याच्या खांद्यावर हात ठेवा." मी एका टोकापासून निघाले. पाय थरथरत होते. त्या रांगेतले निम्मे तरी पस्तिशी-चाळिशीचे होते, एक-दोघांच्या मिशा पिकू लागलेल्या. दोन तरुण चेहरे तर आपोआपच वेगळे दिसत होते. मधल्या जागी तो उभा होता. मी हात ठेवला. त्याने मान वर केली नाही, पण हाताखालचा त्याचा खांदा आखडला, ते मला आजही जाणवतं. दुसऱ्याला मी ओळखलं नाही. हेल्मेटमधला माणूस मी कशी ओळखणार? वॉचमनने दोघांपैकी कोणालाही ओळखलं नाही.

त्या दिवशी मला एक प्रश्न कोणीच विचारला नाही: "या माणसांना किंवा यांचे फोटो तुम्ही आधी पाहिलेत का?" विचारला असता तर मी सांगितलं असतं.

परेडमध्ये तो चेहरा माझ्या ओळखीचा होता, यात शंका नाही. पण ती ओळख कुठली? रस्त्याच्या दिव्याखाली क्षणभर पाहिलेली, की ठाण्यात मोबाईलच्या पडद्यावर निवांत पाहिलेली? माणसाच्या मनात हे दोन चेहरे वेगवेगळ्या कप्प्यांत राहत नाहीत. नंतरचा आधीच्यावर बसतो. त्या फोटोनंतर मी जेव्हा जेव्हा ती संध्याकाळ आठवली, तेव्हा पत्ता विचारणाऱ्याला फोटोतलाच चेहरा होता. माझी मूळ आठवण माझ्यापासून काढून घेतली गेली, मंगळसूत्रासारखीच, आणि ती तर कोणाच्या मुद्देमालात जमाही झाली नाही.

मग मार्च २०२० आला आणि सगळंच थांबलं. आरोपींना कधीतरी जामीन झाला. चार्जशीट भारतीय दंड संहितेच्या ३९२, ३९४ आणि ३४ कलमांखाली होतं, म्हणजे जबरी चोरी, ती करताना दुखापत, आणि दोघांचा समान इरादा. हा कायदा १ जुलै २०२४ पासून बदलला, पण आमचा निकाल त्याआधीच लागल्याने आमचा खटला जुन्या संहितेनेच चालला. साक्षीचं समन्स आलं ते २०२३ मध्ये. त्यानंतरही कधी आरोपी गैरहजर, कधी न्यायाधीश रजेवर, कधी बोर्डावर आमच्या आधीची प्रकरणं इतकी की पुकारा होईपर्यंत कोर्टाची वेळ संपलेली. पोलिस ठाण्यातर्फे कोर्टाचं काम पाहणारे पैरवी अंमलदार भला माणूस. आदल्या दिवशी फोन करून यायचं की नाही ते सांगत, बसायला जागा मिळवून देत.

व्हरांड्यातल्या बाकावर एकदा माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. डब्यातली चपाती तिने मलाही पुढे केली. नंतर समजलं, मी परेडमध्ये ओळखलेल्या मुलाची ती आई. मी कोण हे तिला ठाऊक होतं का, कळलं नाही. मी तिच्याशी बोलले नाही, कारण साक्षीदाराने आरोपीच्या माणसांशी बोलू नये एवढं मला माहीत होतं. पण त्या दिवसानंतर मला सारखं वाटत राहिलं, की हा मुलगा तो नसेलच, तर?

साक्षीच्या दिवशी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी सरतपास, म्हणजे आपल्या बाजूचे प्रश्न, सुरू केला. काय घडलं ते मी सांगितलं, न्यायाधीश एकेक वाक्य टंकलेखकाला सांगत होते. मग मुद्देमालाचं पाकीट फोडलं. लाखेची मोहोर तुटली, आतून पांढऱ्या कागदात गुंडाळलेली सोन्याची लगड निघाली. अंगठ्याच्या पेराएवढी, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने खडबडीत, ओतताना थंड झाली तशी. पोलिसांचं म्हणणं, आरोपीने निवेदन करून एका सराफाचं दुकान दाखवलं आणि तिथून ही जप्त केली. "हे तुमच्या मंगळसूत्राचं सोनं आहे का?" मी ती हातात घेतली. तिथे माझ्या वाटीची नक्षी नव्हती, मणी नव्हते, आईच्या पाटल्यांचं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "मला सांगता येणार नाही." अख्खी दुसरी वाटी मिळाली असती तर माझ्याकडच्या वाटीशी जोडून मी क्षणात सांगितलं असतं. सोनं वितळवलं की त्याची ओळख संपते. साखळी ओढणारे म्हणूनच ते लगेच वितळवतात.

"तो इसम आज न्यायालयात आहे का?" मी पाहिलं. आरोपींच्या जागी दोघे उभे होते, चार वर्षांनी थोराडलेले, एकाने दाढी राखलेली. मी हात केला, "तो, डावीकडचा."

उलटतपास घेणारे वकील तरुण होते. आवाज चढवला नाही, मला घाबरवलं नाही. फिर्यादीत चेहऱ्याचं वर्णन आहे का? नाही. पुटकुळ्यांच्या खड्ड्यांबद्दल तुम्ही फिर्यादीत सांगितलं होतं? सांगितलं होतं, ते का लिहिलं नाही याचं कारण मला सांगता येणार नाही. रांगेतले इतर इसम आरोपींपेक्षा वयाने मोठे होते? काही जण होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "परेडच्या आधी पोलिसांनी तुम्हाला आरोपींचा फोटो दाखवला होता, हे खरं आहे का?"

मी "हो" म्हटलं.

सगळ्या खटल्याची कड त्या एका उत्तराने फिरली. सरकारी वकिलांनी त्यावर मला पुन्हा प्रश्न विचारून फेरतपास घेतला नाही. बाहेर आल्यावर तपासातले एक जण मला म्हणाले, "काकू, एवढं सांगायची काय गरज होती? नाही म्हणायचं." मला त्या माणसाचा राग आला, तो अजून गेलेला नाही. मी तासाभरापूर्वी शपथ घेतली होती. आणि फोटो मी मागितला नव्हता. तो मला दाखवला गेला होता.

बाकीचा पुरावा एकेक करून गळत गेला. वॉचमनने परेडमध्येच कोणाला ओळखलं नव्हतं, कोर्टातही नाही. लगड जप्तीचा पंच फितूर झाला. म्हणाला, मी दुकानात गेलोच नाही, ठाण्यात सह्या केल्या. सराफाने सांगितलं की पोलिस आले आणि सोनं घेऊन गेले, आरोपींना मी ओळखत नाही. समोरच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात मोटारसायकल दिसत होती, पण चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून घेताना ते कसं उतरवलं हे सांगणारं, पुरावा कायद्याच्या ६५ ब कलमाचं प्रमाणपत्रच घेतलं नव्हतं. हे प्रमाणपत्र लागतंच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पुन्हा ठाम सांगितलं, आणि तो निकाल आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या वादातला आहे. प्रमाणपत्र असतं तरी फार उपयोग झाला नसता म्हणा. त्या चित्रणात चेहरे दिसतच नाहीत.

निकालपत्र मराठीत आहे, आणि मला ते नीट समजलं. ओळख परेड हा स्वतंत्र पुरावा नव्हे, ती तपास योग्य दिशेने चाललाय की नाही हे बघण्यासाठी आणि साक्षीदाराच्या कोर्टातल्या ओळखीला बळ देण्यासाठी असते. खरा पुरावा म्हणजे साक्षीदाराने कोर्टात, शपथेवर, आरोपीला ओळखणं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मलखानसिंग खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. मात्र पूर्वी कधी न पाहिलेल्या माणसाला वर्षांनंतर कोर्टातच ओळखलं, तर त्याला आधार लागतो. परेड झालेली नसेल तर अशा ओळखीला किंमत नाही, असं १९७९ च्या कन्नन विरुद्ध केरळ राज्य या निकालात म्हटलेलं आहे. आमच्या खटल्यात परेड झाली होती, पण साक्षीदाराला आधी फोटो दाखवल्याने तिचा अर्थच उरला नव्हता. शिवाय अटकेनंतर इतका उशीर, आणि रांगेतल्या माणसांची निवड कशी केली याची परेडच्या मेमोरँडममध्ये, म्हणजे लेखी वृत्तांतात, नोंद नाही. माझ्याबद्दल न्यायालयाने लिहिलं आहे की साक्षीदार प्रामाणिक आहे, पण तिच्या ओळखण्यावर विसंबून शिक्षा देणं सुरक्षित नाही. म्हणून संशयाचा फायदा.

आमच्या घरात यावरून बरेच दिवस धुसफूस होती. ह्यांचं म्हणणं, चोर मोकळे फिरतायत. मी म्हणते, हे चोर असतील तर मोकळे फिरतायत, आणि नसतील तर खरे चोर पहिल्या दिवसापासून मोकळे आहेत, कारण त्या फोटोनंतर कोणी दुसऱ्याला शोधलंच नाही. फोटो न दाखवता, पकडल्यापासून आठ दिवसांत, सारख्या वयाची माणसं उभी करून परेड झाली असती तर दोनपैकी एक नक्की झालं असतं. मी त्याला ओळखलं असतं आणि ती ओळख उलटतपासात टिकली असती. किंवा मी नाही म्हटलं असतं, तो पोरगा तुरुंगात महिनोन् महिने सडला नसता आणि तपास पुढे गेला असता. माझ्यावर, त्याच्यावर आणि त्याच्या आईवर, तिघांवरही अन्याय झाला की नाही हे आता कोणालाच ठरवता येत नाही, याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. माझा राग न्यायाधीशांवर नाही. समोर जे होतं त्यावर त्यांनी दुसरा निकाल दिला असता तर मला भीती वाटली असती.

अपिलाचं म्हणाल तर सरकार पक्षाने केलं नाही. पीडित म्हणून मलाही करता आलं असतं. डिसेंबर २००९ च्या अखेरीपासून तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३७२ कलमात तशी तरतूद होती. मावसभावाने निकालपत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "वरच्या कोर्टात जाऊन तू वेगळं काय सांगणार?" माझ्याकडे वेगळं सांगण्यासारखं काही नव्हतं. लगड ज्याच्याकडून जप्त झाली त्या सराफाला अपिलाची मुदत संपल्यावर परत द्यावी, असा हुकूम झाला. मी ती माझी आहे असं म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्यावर हक्क सांगायचा प्रश्नच नव्हता. पंचनाम्यात जमा केलेली माझी एक वाटी मात्र बंधपत्रावर मला केव्हाच परत मिळाली होती.

गेल्या वर्षी आमच्याच इमारतीतल्या एका वहिनींची साखळी गेली. आता त्याला भारतीय न्याय संहितेत ३०४ हे हिसकावणीचं वेगळं कलम आहे, आणि जप्तीचं चित्रीकरण करणंही नव्या प्रक्रियेत बंधनकारक आहे. निदान पंचाने दुकानात गेलोच नाही म्हणण्याला आळा बसेल. वहिनी रात्री रडत माझ्याकडे आल्या. मी आधी त्यांना पाणी दिलं, मग वही पुढे केली आणि चेहरा, कपडे, बोलण्याची ढब, जे जे आठवतंय ते लिहून काढायला लावलं, ठाण्यात जायच्या आधी. सोबत मीही गेले आणि ते सगळं फिर्यादीत उतरेपर्यंत तिथून हलले नाही. महिन्याभराने त्यांना बोलावणं आलं, "पोरं मिळालीत, फोटो पाठवतो, बघून घ्या." वहिनींनी फोन माझ्याकडे दिला. मी सांगितलं, फोटो पाठवू नका, आधी परेड लावा. पलीकडचे साहेब थोडे थांबले आणि म्हणाले, ठीक आहे, तहसीलदारांना पत्र देतो.